लघवीत रक्त दिसलं तर: पहिल्या दिवसापासून दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत

तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी बावीस वर्षं गेली. एका सकाळी एक निवृत्त गुरुजी लघवीची बाटली घेऊन आले. सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी तपासणी लिहून दिलेली होती, पण तारीख चार महिन्यांपूर्वीची. विचारलं तर म्हणाले, "तेव्हा दोन दिवस लाल झाली होती, मग आपोआप साफ झाली. उष्णता असेल, निघून गेली म्हटलं." मध्ये आणखी एकदा तसंच होऊन गेलं होतं, हे बोलता बोलता कळलं. दुखत-खुपत काहीच नव्हतं. पुढे दुर्बिणीने पाहिलं तेव्हा मूत्राशयात गाठ निघाली.

गुरुजींनी केलं तेच बहुतेक घरांत होतं. लाल लघवी पाहून जीव घाबरतो, घरचे धणे-जिऱ्याचं पाणी देतात, सब्जा भिजवतात, दोन दिवसांत लघवी साफ होते आणि विषय मिटतो. पण मूत्राशयाच्या गाठीतून येणारं रक्त असंच येतं. एक-दोन दिवस दिसतं, मग कित्येक आठवडे, कधी महिने दिसतच नाही, आणि पुन्हा येतं. पाण्याने गुण आला की रक्त आपल्या वेळेला थांबलं, हे घरबसल्या कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे लघवी साफ झाली तरी तपासणी करायचीच. हे एवढं जरी लक्षात राहिलं तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक होईल.

मी डॉक्टर नाही. निदान आणि औषधोपचार त्यांच्याकडेच. पण नमुना कसा द्यायचा, रिपोर्टवर काय लिहिलेलं असतं आणि लोक नेमके कुठे थांबतात, हे मी रोज पाहते.

आज रात्रीच निघावं लागेल का?

बहुतेक वेळा ही मध्यरात्री धावायची गोष्ट नसते. दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठले तरी चालतं. मात्र पुढचं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.

- लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडल्या आणि आता लघवीच अडकली आहे. ओटीपोट फुगून टणक लागतं, जोर लावूनही थेंबच येतो. गुठळीने वाट बुजलेली असते. दवाखान्यात जाड नळी घालून मूत्राशय धुवावं लागतं. अशा वेळी "पाणी पी, मोकळी होईल" हा सल्ला उलटा पडतो, कारण आतला ताण वाढतच जातो.
- हुडहुडी भरून ताप आणि कुशीत किंवा पाठीत दुखणं. खडा अडकून त्याच्या मागे संसर्ग झाला असेल तर जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. हे मुतखड्याचं नेहमीचं दुखणं समजून गोळीवर भागवू नका.
- साप चावलेला आहे. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठायची ताकदच जाते. मग हिरड्यांतून आणि लघवीतूनही रक्त येतं. कोकणात फुरसं चावल्यावर "एवढासा तर साप" म्हणून लोक थांबतात. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात थेट जा.
- पोटाला, कमरेला मार लागलाय: दुचाकीवरून पडणं, बैलाची शिंगं, झाडावरून पडणं.
- लघवी चहासारखी तांबूस, प्रमाणाने कमी, आणि सकाळी चेहरा सुजलेला. मुलांमध्ये तर त्याच दिवशी.
- पावसाळ्यात ताप, डोळे लाल किंवा पिवळे, पोटऱ्या भयंकर दुखतात आणि लघवी कमी झाली. हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा जंतूंचा ताप) असू शकतो.
- मलेरियासाठी प्रायमाक्विन चालू आहे आणि लघवी एकाएकी कोलासारखी काळपट झाली. काहींच्या शरीरात जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. पुढची गोळी घेण्याआधी दवाखाना.
- गरोदरपण, एकच किडनी असणं, किडनी बदललेली असणं, किंवा रक्तासोबत चक्कर आणि धडधड.

आधी खात्री: रक्तच आहे ना?

लाल दिसणारं सगळं रक्त नसतं. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते, सगळ्यांची नाही, म्हणून ज्याची होते तो जास्त घाबरतो. लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटचंही तसंच. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन लघवी केशरी-लाल करतं. घामाला, अश्रूंनाही तो रंग येतो आणि त्यात धोका काही नाही. हे आधी सांगितलं नसेल तर माणसं घाबरून औषधच सोडतात, आणि टीबीत ते फार महागात पडतं. लघवीची जळजळ थांबवायच्या काही गोळ्यांनी गर्द केशरी रंग येतो. कावीळ असेल तर गर्द पिवळी ते तपकिरी. उन्हात दिवसभर राबून पाणी कमी पडलं तर नुसती गडद.

नवजात बाळाच्या लंगोटावर पहिल्या काही दिवसांत विटेच्या भुकटीसारखा गुलाबी-केशरी डाग पडतो. ते बहुधा युरेटचे स्फटिक असतात, दूध नीट मिळायला लागलं की जातात. तरी डाग टिकला किंवा बाळ दूध ओढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना लंगोट दाखवा. फेकू नका.

लॅबमध्ये आम्ही नमुना नळीत घालून पाच मिनिटं फिरवतो. रक्ताच्या पेशी असतील तर तळाशी लाल थर बसतो आणि वरची लघवी स्वच्छ होते. बिटाचा किंवा औषधाचा रंग असेल तर फिरवूनही लघवी तशीच रंगीत राहते, तळाला काही बसत नाही. इतका साधा फरक आहे, पण घरी तो कळत नाही. म्हणून बीट खाल्लं असलं तरी एकदा लघवी तपासून घ्या.

दुसऱ्या बाजूने, रक्त थोडं दिसलं म्हणजे आजार थोडा असंही नाही. एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग बदललेला दिसतो. रंगाच्या गडदपणावरून ना घाबरायचं, ना निर्धास्त व्हायचं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी काय टिपून ठेवायचं

गडद फरशीच्या भारतीय संडासात रंग समजत नाही. शेतात, आडोशाला तर नाहीच. एकदा पारदर्शक काचेच्या किंवा प्लास्टिकच्या स्वच्छ भांड्यात लघवी घ्या, खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरा आणि मोबाइलवर फोटो काढा. लाज वाटायचं कारण नाही. रक्त थांबल्यावर तीन दिवसांनी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हाच एक पुरावा हातात असेल.

रक्त धारेत कधी दिसतं तेही पाहा. सुरुवातीला लाल आणि मग स्वच्छ झाली, तर रक्त बहुधा मूत्रमार्गातून येतं. शेवटच्या थेंबांना लाल होत असेल तर मूत्राशयाचं तोंड किंवा प्रोस्टेटकडे (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) लक्ष जातं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच लाल असेल तर मूत्राशय किंवा त्याच्या वरचा भाग, म्हणजे मूत्रवाहिनी आणि किडनी. गुठळी पडली तर तिचा आकारही सांगा. गांडुळासारखी लांब, बारीक गुठळी मूत्रवाहिनीच्या साच्यातून आलेली असू शकते. वेडीवाकडी, मोठी असेल तर बहुधा मूत्राशयातली. ताजं लाल किंवा गुलाबी रक्त खालच्या वाटेकडे बोट दाखवतं, तर चहा-कोलाचा रंग किडनीच्या गाळण्यांकडे. हे ठोकताळे आहेत, पण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दिशा मिळते.

मग एका कागदावर लिहा: कोणत्या तारखेला, किती वेळा, दुखलं का आणि कुठे, जळजळ होती का, ताप होता का. चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. बिडी-सिगारेट किती वर्षं ओढली, सोडली असेल तरी सांगा. काम काय केलं तेही सांगा: रंग, रबर, चामडं, छपाई. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठींची नोंद 1895 मध्येच करून ठेवली होती. अशा कामाचा परिणाम कधी वीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो. त्यामुळे निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी तो तपशील जुना होत नाही. डॉक्टर विचारायला विसरले तर आपण होऊन बोला.

आफ्रिकेत राहून आला असाल आणि तिथल्या तळ्यात-नदीत उतरला असाल तर तेही बोला. तिथे गोगलगाईंमार्फत पसरणारा एक कृमी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत ठाण मांडतो आणि लघवीतून रक्त येतं. आपल्याकडे हा आजार जवळपास नाही. तरी 1952 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तो नोंदवला होता. लघवीतून रक्त जाणारी माणसं गावात होती म्हणूनच शोध लागला. या कृमीची अंडी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतल्या लघवीत सर्वांत जास्त सापडतात, म्हणून संशय असेल तर आम्ही मुद्दाम दुपारचा नमुना मागतो.

नमुना नीट द्या

या एका पायरीवर अर्धे रिपोर्ट बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

खोकल्याच्या औषधाची बाटली, जॅमची बरणी, मुलाची वॉटरबॅग यातून आलेले नमुने मी घेतलेत. साखरेचा अंश राहिला की रिपोर्टवर साखर दिसते, साबण राहिला की पेशी फुटतात. लॅबमधून किंवा मेडिकलमधून झाकणाची नवी डबी घ्या, ती फार स्वस्त असते. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी, करायचं असेल तर निर्जंतुक डबीच हवी, आणि तिच्या आत बोट लावायचं नाही.

आधी हात धुवा. बायकांनी पुढून मागे साध्या पाण्याने स्वच्छ करून घ्यावं, पुरुषांनी कातडी मागे सारून. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. अर्धी डबी पुरते. तासाभरात लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. नमुना उन्हात, डिकीत तीन तास राहिला तर रक्ताच्या पेशी फुटून जातात आणि काचपट्टीवर आम्हाला काहीच दिसत नाही. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि तुम्ही उगाच निश्चिंत होता.

पाळी चालू असेल तर शक्यतो थांबा, संपल्यावर दोन-तीन दिवसांनी द्या. थांबणं शक्य नसेल तर चिठ्ठीवर 'पाळी चालू' असं मोठ्या अक्षरात लिहा. आदल्या दोन दिवसांत खूप धावणं, जड व्यायाम झाला असेल तर तेही सांगा. मॅरेथॉन पळून आलेल्यांच्या लघवीत रक्त दिसतं आणि विश्रांतीनंतर दोन-तीन दिवसांत जातं. गेलं की नाही, हे दुसऱ्या नमुन्यानेच ठरवायचं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरपूर खात असाल तर पट्टीची तपासणी (लघवीत पट्टी बुडवून तिचा रंग पाहतात ती) खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

रिपोर्टवरचे शब्द

पट्टीवर 'ब्लड पॉझिटिव्ह' आलं म्हणजे रक्ताच्या पेशी आहेतच असं नाही. पट्टी हिमोग्लोबिन ओळखते आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिनलाही फसते. पट्टी पॉझिटिव्ह पण सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी नाही, असं झालं तर तांबड्या पेशी फुटताहेत का किंवा स्नायूंना इजा झालीय का, हा वेगळाच तपास असतो. म्हणून नुसत्या पट्टीवर थांबू नका, 'रुटीन मायक्रो', म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचीही तपासणी, करून घ्या.

खरा आकडा 'आरबीसी' (तांबड्या पेशी) समोर असतो, एका हाय पॉवर फील्डमधला, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसतो तेवढ्या भागातला. शून्य ते दोन हे चालतं. तीन किंवा जास्त असतील तर डोळ्यांना लघवी पिवळीच दिसली तरी त्यात रक्त आहे असं धरतात. 'पस सेल्स' (पुवाच्या पेशी) पाचाच्या वर आणि सोबत जळजळ असेल तर जंतुसंसर्गाकडे कल जातो. 'प्रोटीन' दोन प्लस, तीन प्लस असेल तर किडनीची गाळणी बिघडल्याची शंका. 'आरबीसी कास्ट' (किडनीच्या नळ्यांत साच्यासारखे घट्ट झालेले तांबड्या पेशींचे तुकडे) हा शब्द दिसला तर मूत्ररोग शल्यचिकित्सकाआधी, म्हणजे युरॉलॉजिस्टआधी, किडनीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडे जायची वेळ आली आहे.

काचपट्टीवर काय दिसतं तेही सांगते. मूत्राशयातून किंवा खड्यामुळे आलेल्या तांबड्या पेशी गोल, एकसारख्या असतात, फिकट बांगड्या पसरल्यासारख्या. किडनीच्या गाळणीतून रेटून आलेल्या पेशी मात्र वाकलेल्या, कडेला फुगवटे आलेल्या दिसतात. आकार बिघडलेल्या पेशी पुष्कळ दिसल्या की चांगली लॅब 'डिसमॉर्फिक' असा शेरा लिहिते. शेरा नसेल तर डॉक्टरांना सांगून मुद्दाम पाहायला लावा, लॅबला त्यात काही जड नाही.

कारणं, आणि त्यात लपलेले सापळे

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे जंतुसंसर्ग, आपण ज्याला उन्हाळी लागली म्हणतो. जळजळ, सारखी लागणं, थेंब थेंब होणं, वास, ओटीपोटात दुखणं. औषधाने चार-सहा दिवसांत आराम पडतो. दोन नियम पाळा. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी कल्चरचा नमुना द्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या दोन गोळ्या खाऊन नंतर आलात तर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही. आणि कोर्स संपल्यावर, सगळं बरं वाटत असतानाच, लघवी पुन्हा तपासा. रक्त गेलेलं असलं पाहिजे.

हा दुसरा नियम बायकांसाठी मी पुन्हा सांगते. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला रक्त दिसलं की 'इन्फेक्शन' म्हणून गोळ्या मिळतात. महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या. मूत्राशयाचा कॅन्सर पुरुषांत तीन-चार पट जास्त असला तरी बायकांत तो ओळखायला उशीर होतो, आणि उशिराचं एक मोठं कारण हेच. कल्चर निगेटिव्ह आणि रक्त आहेच, असं एकदा जरी झालं तरी तिसऱ्या कोर्सची वाट न पाहता युरॉलॉजिस्टकडे जा. पाळी गेल्यानंतर कपड्यावर डाग दिसला तर तो लघवीतला की अंगावरून गेलेला, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या. दोन्हींची तपासणी लागते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पूर्वी शेक (रेडिएशन) घेतलेल्या बायकांच्या मूत्राशयातून काही वर्षांनीही रक्त येऊ शकतं, म्हणून ती जुनी फाईल सोबत न्या.

मुतखडा ओळखायला सोपा. पाठीतून, कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ, माणूस एका जागी बसू शकत नाही, उलट्या होतात. पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात. कुळथाचं कढण, पाणी घ्या, त्याला हरकत नाही. पण खडा पडला असं वाटलं तरी सोनोग्राफी करून खात्री करा. कळ थांबणं म्हणजे खडा पडणं नव्हे. कधी खडा तिथेच अडकलेला राहतो आणि किडनी मुकाट्याने सुजत जाते. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन् महिने खाऊ नका, किडनीला त्या बाधतात. आणखी एक: खडा सापडला म्हणजे रक्ताचं कारण सापडलंच असं बिडी ओढणाऱ्या साठीतल्या माणसाने धरू नये. किडनीत न हलता पडून असलेला छोटा खडा आणि मूत्राशयात गाठ, असं दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

टीबी मूत्रमार्गातही होतो, आणि आपल्या देशात तो विसरून चालत नाही. महिनोन् महिने सारखी लघवीला लागणं, पस सेल्स भरपूर पण साध्या कल्चरमध्ये काही नाही, थोडं रक्त, वजन उतरणं. त्याची तपासणी वेगळी असते: सलग तीन ते पाच दिवस पहाटेची पहिली लघवी. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

पन्नाशीनंतरच्या पुरुषांत वाढलेलं प्रोस्टेट रक्त देऊ शकतं. धार बारीक होणं, रात्री चार वेळा उठावं लागणं ही त्याची लक्षणं. इतर सगळं तपासून झाल्यावरच प्रोस्टेटवर ठपका ठेवायचा.

लहान मुलांत घसा दुखून एक-दोन आठवड्यांनी, किंवा अंगावरचे फोड-खरूज चिघळून तीन-सहा आठवड्यांनी लघवी चहासारखी होते आणि चेहरा सुजतो. किडनीच्या गाळण्यांना आलेली ही सूज असते. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून डॉक्टर हवेतच. तरुणांत घसा दुखायला लागला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लाल लघवी झाली तर आयजीए नेफ्रोपॅथी या किडनीच्या गाळण्यांच्या आजाराची शंका घेतात.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार) तपासणीची कार्डं अनेक घरांत आहेत. ज्यांच्या कार्डावर 'एएस' म्हणजे वाहक लिहिलंय त्यांना आजार नसतो, पण कधीकधी न दुखता लघवीतून रक्त जाऊ शकतं. ते कार्ड डॉक्टरांसमोर ठेवा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो रोज ऐकते: "अँजिओप्लास्टीनंतर गोळ्या चालू आहेत, त्यानेच येत असेल." गोळ्यांमुळे रक्त जास्त वाहतं हे खरं, पण आत काहीतरी असतं म्हणून ते वाहतं. या गोळ्या घेणाऱ्यांचीही तपासणी इतरांइतकीच पूर्ण करायची असते. आणि गोळी मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो. ती कधी थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता गाठ. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे. साधारण निम्म्या रुग्णांत त्याचा वाटा धरतात. धुरातली रसायनं रक्तात जातात, किडनी ती गाळून लघवीत टाकते आणि लघवी तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहते. मूत्राशयाचा फुप्फुसाशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. पहिलं लक्षण बहुधा न दुखता आलेलं रक्त. एरवी दुखलं नाही की आपण सुटलो असं मानतो. इथे मात्र न दुखणाऱ्या रक्तालाच डॉक्टर जास्त गांभीर्याने घेतात. ब्रिटनमध्ये वय 45 किंवा जास्त असलेल्या माणसाला संसर्ग नसताना डोळ्यांना दिसणारं रक्त आलं, तर कॅन्सरच्या शंकेवरून तातडीने तज्ज्ञांकडे पाठवायची सूचना आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या जीपीला "एकदाच आलं होतं" असं सांगून विषय हलका करू नये.

लवकर सापडलेली गाठ बहुतेकदा अस्तरापुरती असते. मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने ती खरवडून काढतात, पोटावर चीर नसते. पुन्हा येऊ नये म्हणून काहींच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात, हो, बाळाच्या दंडावर टोचतात तीच टीबीची लस. ही पद्धत 1976 पासून चालत आली आहे.

पुढच्या तपासण्या, क्रमाने

लघवीनंतर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) आणि रक्तदाब. मग सोनोग्राफी, पोट आणि केयूबी, म्हणजे किडनी, मूत्रवाहिनी, मूत्राशय. लघवी दाबून ठेवून जा, मूत्राशय भरलेलं असेल तरच आतली भिंत दिसते. रिकाम्या मूत्राशयाची सोनोग्राफी करून 'नॉर्मल' लिहून आणलेले रिपोर्ट मी पाहिलेत, त्यांचा उपयोग शून्य.

लोक नेमके इथेच थांबतात. सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे सगळं ठीक. पण सोनोग्राफीत लहान, चपटी गाठ निसटू शकते. डोळ्यांना दिसणारं रक्त, चाळिशीच्या पुढचं वय किंवा बिडी-सिगारेटचा इतिहास असेल तर सीटी युरोग्राफी (शिरेतून औषध देऊन काढलेला मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन) आणि दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोपी, यांबद्दल आपण होऊन विचारा: "मूत्राशय आतून बघायची गरज आहे का?" डॉक्टर नको म्हणाले तर का नको, ते समजून घ्या. सीटीच्या आधी क्रिएटिनिन सांगा आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही, कारण सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते औषध किडनीवाटे बाहेर पडतं.

सिस्टोस्कोपीची भीती मोठी, काम छोटं. लवचीक दुर्बीण असेल तर बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत होतं, रुग्ण शुद्धीवर असतो आणि त्याच दिवशी घरी जातो. ताठ दुर्बीण वापरायची असेल तर कमरेखालची भूल देतात. नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ आणि गुलाबीपणा राहतो, पाणी जास्त प्या. ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच कळवा.

वीस-पंचविशीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखालीच चार-पाच पेशी सापडलेल्या मुलीला हे सगळं लागेलच असं नाही. तिच्यात पाळी, संसर्ग, व्यायाम तपासून नमुना पुन्हा घेणं बहुधा पुरतं. किती खोल जायचं ते वय, धूम्रपान आणि रक्त डोळ्यांना दिसलं की नाही, यावर ठरतं.

पैशांमुळे थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची साधी तपासणी होते, जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगाच्या आणि कॅन्सरच्या बऱ्याच शस्त्रक्रिया येतात. योजनेत सामील असलेल्या (अंगीकृत) रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधी त्याला भेटा.

सगळं नॉर्मल आलं तर

असं पुष्कळ वेळा होतं, आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. पण वर्षभराच्या आत लघवी एकदा पुन्हा तपासा, सोबत रक्तदाब आणि प्रोटीन. डोळ्यांना दिसणारं रक्त पुन्हा आलं तर "मागच्या वेळी सगळं केलं होतं" म्हणून सोडू नका, तपास नव्याने करावा लागतो. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा, सीटीची सीडीही त्यातच ठेवा. वरच्या पानावर रक्त दिसलेल्या तारखा लिहीत जा, आणि ती फाईल कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.